जुनी वस्तू आणि पुरावस्तू : जिनप्रतिमा व हस्तलिखितांच्या मोलाविषयी काही विचार

'जुने ते सोने' ही म्हण आपण सारेच उच्चारतो; परंतु मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले, की जुनी पितळी उपकरणे कासाराकडे मोडीत जातात, फुटकी प्रभावळ नदीत विसर्जित होते, कसर लागलेल्या पोथ्यांचे गाठोडे माळ्यावर चढते, आणि त्या जागी नवे, चकचकीत साहित्य येते, हाही आपल्याच समाजाचा अनुभव आहे. याच्या अगदी उलट दुसरे टोकही दिसते. एखाद्या गावी जमिनीत पाषाणाची प्रतिमा निघाली, की ती 'चतुर्थकालीन' असल्याची वार्ता दुसऱ्याच दिवशी पंचक्रोशीत पसरते. वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती मौल्यवान ठरते काय, आणि ठरत असेल तर ते मोल नेमके कशात असते, हा प्रश्न म्हणून विश्वस्तांनी आणि श्रावक-श्राविकांनी थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याचा येथे विचार करीत आहोत.

या विषयावर आपल्याच परंपरेतील एका पुरुषाचे मत सर्वप्रथम सांगितले पाहिजे. ठक्कुर फेरू हा श्रीमाल ज्ञातीचा श्रावक चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सुलतानांच्या सेवेत होता. खजिना व टांकसाळ यांच्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध होता. नाण्यात चांदी किती, तांबे किती, त्यावरून त्याची किंमत किती, हे सांगणारा 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ त्याने वि. सं. १३७५ मध्ये लिहिला. रत्नांच्या पारखीवरही त्याचा ग्रंथ आहे. धातूचे मोल वजनावर आणि कसावर ठरविणे हाच ज्याचा व्यवसाय, त्या माणसाने वि. सं. १३७२ मध्ये, म्हणजे इ. स. १३१५ मध्ये, रचलेल्या 'वास्तुसार' या प्राकृत ग्रंथात जिनबिंबांविषयी एक नियम दिला आहे. ज्या बिंबाची स्थापना श्रेष्ठ पुरुषांनी केली आणि ज्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, ते अंगाने विकल झाले तरी पूज्यच होय. मात्र मूलनायकाचे मुख, नाक, डोळे, नाभी किंवा कंबर भंगली असेल तर ते बिंब मूलनायक म्हणून ठेवू नये, असा अपवादही तो सांगतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे शंभर वर्षांची मर्यादा. भारत सरकारच्या १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमातही पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षांचीच अट आहे. हा योगायोग आहे. पण मनाला सुखावणारा योगायोग आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फेरू केवळ वर्षे मोजत नाही. स्थापना कोणी केली, हेही तो विचारतो. म्हणजे काळ आणि कर्ता, दोन्ही ठाऊक असलेली वस्तू. आधुनिक पुरातत्त्वज्ञ याहून फारसे वेगळे काही सांगत नाहीत. या फेरूचे ग्रंथ आपल्यापर्यंत आले तेही एका जुन्या हस्तलिखितामुळेच. अगरचंद व भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात त्याच्या सात ग्रंथांची एक प्राचीन प्रत मिळाली आणि १९६१ साली ते ग्रंथ मुद्रित झाले. मध्ययुगीन भारतीय नाण्यांच्या अभ्यासकांना 'द्रव्यपरीक्षे'सारखे दुसरे साधन नाही. ती प्रत कोणी रद्दीत घातली असती तर?

आता नुसत्या वयाविषयी. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, अनेक दिगंबर मंदिरांत पांढऱ्या संगमरवराच्या लहान पद्मासनस्थ प्रतिमा असतात आणि त्यांच्या पादपीठावर 'संवत १५४८ वैशाख शुक्ल ३' अशी अक्षरे आढळतात. मुडासा नगरीच्या जीवराज पापडीवाल या श्रेष्ठीने भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते त्या दिवशी असंख्य प्रतिमांची प्रतिष्ठा करविली आणि गाड्यांवर लादून त्या गावोगावी पाठविल्या, असे परंपरा सांगते. संख्या एक लाख होती असेही म्हणतात. तो आकडा श्रद्धेचा मानू, परंतु उत्तर भारतात आणि आपल्याकडे इतक्या ठिकाणी या प्रतिमा आहेत, की संख्या मोठी होती याविषयी शंका उरत नाही. या प्रतिमा पाचशे वर्षांहून जुन्या आहेत. तथापि दुर्मीळ नाहीत, आणि शिल्प म्हणूनही त्या बहुधा साध्याच असतात. बाजाराच्या दृष्टीने पाहणारा त्यांना फारशी किंमत देणार नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांतील प्रत्येक प्रतिमा बोलकी आहे. ती ज्या गावी आहे, तेथपर्यंत त्या काळी श्रावकांचे जाळे पोहोचले होते काय, की ती पुढे कोणा स्थलांतरित कुटुंबाबरोबर आली, हे शोधण्याचा धागा तिच्यात आहे. अट एवढीच, की ती त्या गावातच राहिली पाहिजे, किंवा निदान ती कोठून आली याची नोंद राहिली पाहिजे. गावातून उचलून नोंदीविना शहरातील कपाटात ठेवली, की उरतो तो एक जुना संगमरवर.

'चतुर्थकालीन' प्रतिमांप्रमाणेच श्वेतांबर बांधवांत लेखरहित प्रतिमा 'संप्रती महाराजांच्या काळातील' समजण्याची रूढी आहे. संप्रती हा अशोकाचा नातू. त्याने असंख्य जिनबिंबे करविली ही परंपरा आदरणीयच आहे. परंतु ज्या संगमरवरी प्रतिमांना हे नाव दिले जाते, त्यांची घडण पाहता बहुतेक अकराव्या ते पंधराव्या शतकांतील ठरतात. आठशे वर्षांच्या प्रतिमेला दोन हजार वर्षांची म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. उलट जाणता अभ्यासक तिच्याकडे संशयाने पाहू लागतो. थोडे मूर्तिशास्त्र जाणले तर ही चूक टळते. मथुरेच्या कुषाणकालीन प्रतिमांवर लांछने नसतात; तेथे खांद्यांवर रुळणाऱ्या केसांवरून ऋषभनाथ आणि नागफणांवरून पार्श्वनाथ ओळखावे लागतात. बैल, हत्ती, सिंह अशी लांछने पादपीठावर येऊ लागली ती गुप्तकाळापासून. तेव्हा पादपीठावर ठसठशीत लांछन असलेली प्रतिमा कोणी मौर्यकालीन म्हणून सांगू लागला, तर तेथेच थांबावे.

मोल ठरविणाऱ्या गोष्टींत पहिला मान आम्ही लेखाला देतो. मथुरेच्या कंकाली टेकडीचे उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा सांगितले जावे अशा योग्यतेचे आहे. एकोणिसाव्या शतकात जैन धर्म ही बौद्ध धर्माची उत्तरकालीन शाखा आहे असे काही पाश्चात्त्य पंडित मानीत. हर्मान याकोबी यांनी १८७९ साली कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत ग्रंथांच्या आधारे हे मत खोडून काढले. पण ग्रंथ पुढे लिहिले गेले, त्यातील स्थविरावली कल्पित असेल, अशी शंका घेणारे होतेच. १८८८ ते १८९१ या वर्षांत कंकाली टेकडीत जे उत्खनन झाले, त्यात शेकडो फुटक्या प्रतिमा, आयागपट, तोरणांचे तुकडे निघाले. त्यांवरील ब्राह्मी लेख ब्यूलर यांनी वाचले, तेव्हा कोट्टिय गण, वज्री शाखा इत्यादी जी नावे कल्पसूत्राच्या स्थविरावलीत आहेत, तीच दगडांवर कोरलेली सापडली. इ. स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत हे गण, ही कुले, या शाखा मथुरेत प्रत्यक्ष नांदत होत्या. संपूर्ण, देखण्या, पण लेखरहित प्रतिमांनी हे कार्य कधीच केले नसते.

याच टेकडीत एक सरस्वतीची मूर्ती निघाली. तिला मस्तक नाही. एका हातात पोथी आहे. पादपीठावर ५४ हे वर्ष असून ते इ. स. १३२ मानले जाते. करविणारा सिंहाचा पुत्र गोव, व्यवसायाने लोहार. सरस्वतीची कालनिर्देश असलेली याहून जुनी मूर्ती अद्याप ज्ञात नाही. गणिकेची कन्या वसू हिने दिलेला आयागपटही मथुरेचाच. लोहार, गंधी, गणिका, वणिक, व्यापाऱ्यांच्या स्त्रिया, असा त्या काळचा श्रावकसमाज आपल्यासमोर उभा राहतो तो या लेखांमुळे. आज जीर्णोद्धाराच्या फलकावर कोणाची नावे येतात, याची तुलना वाचकांनी मनातल्या मनात करावी.

महाराष्ट्राला लेखांचे ऋण कमी नाही. मावळातील पाले येथील एका साध्या गुहेत अर्हंतांना वंदन करून आरंभ होणारा छोटासा ब्राह्मी लेख ह. धी. सांकळिया व शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केला, आणि आपल्या प्रदेशातील जैनांचा लिखित पुरावा एकदम इसवी सनापूर्वीच्या काळात गेला. त्याहून अलीकडच्या काळाविषयी म्हणावयाचे तर, डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. कारंजा, लातूर, नागपूर, सुरत, ईडर इत्यादी ठिकाणच्या भट्टारकपीठांचा जो क्रम त्यात लागतो, तो मोठ्या प्रमाणावर धातूच्या लहान प्रतिमा, तांब्याची यंत्रे आणि पोथ्यांच्या अखेरची प्रशस्ती यांवरून. वीतभर उंचीची चोवीसी, हातभर रुंदीचे सिद्धचक्र यंत्र, अशा ज्या वस्तूंना आपण 'काय ते किडुकमिडुक' म्हणतो, त्यांच्या पाठीवर मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण, कुंदकुंदाचार्यान्वय, मग भट्टारकांची परंपरा, मग प्रतिष्ठा करविणाऱ्या कुटुंबाची ज्ञाती, गोत्र आणि तीन पिढ्या एवढा इतिहास दाटलेला असतो.

हे लेख वाचणे फार अवघड नाही. शक असेल तर ७८, क्वचित ७९, मिळवावे. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावे. वीर निर्वाण संवत असेल तर ५२७ किंवा ५२६. आपल्याकडील लेखांत शकाबरोबर बहुधा संवत्सराचे नावही असते. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६०ने भागले असता जी बाकी उरते, तो प्रभवादी संवत्सरांतील अनुक्रम. लेखातील नाव त्याच्याशी जुळले तर वाचन बरोबर. न जुळले तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे, किंवा कोरणारा चुकला आहे, किंवा लेखच बनावट आहे. नव्या मूर्ती मीठ, आम्ल आणि माती यांत पुरून 'प्राचीन' करण्याचा उद्योग सर्वत्र चालतो. आम्लाने हिरवा थर आणता येतो. तिथी, वार आणि संवत्सर यांचा मेळ घालणे त्या कारागिराला सहसा साधत नाही. जुन्या नागरीत अक्षराच्या डोक्यावरची मात्रा त्याच्या आधी उभ्या रेघेने दाखवीत. तिला पडिमात्रा म्हणतात. तिचा गंध नसलेल्या माणसाने कोरलेला 'सोळाव्या शतकातील' लेख पाहताक्षणी उघडा पडतो.

लेखाच्या खालोखाल प्राप्तिस्थान. पाटण्याजवळ लोहानीपूर येथे १९३७ साली एक नग्न कबंध मिळाले. शिर नाही, हात तुटलेले, पाय नाहीत. लेखाचे एक अक्षर नाही. तरीही भारतीय शिल्पाच्या प्रत्येक इतिहासात त्याला स्थान आहे, कारण पाषाणावर मौर्यकालीन झिलई आहे आणि ते ज्या जागी मिळाले तेथेच विटांच्या चौकोनी पायाचे अवशेष व चांदीचे एक जुने नाणेही मिळाले. तेच कबंध कोणा दलालाच्या दुकानात 'बिहारकडचे' म्हणून मिळाले असते, तर जिनप्रतिमांच्या इतिहासातील त्याचे पहिले स्थान कोणीही सहजी मान्य केले नसते. बडोद्याजवळील आकोटा येथे १९५१ साली अडुसष्ट जैन धातुप्रतिमांचा निधी हाती आला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्याचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ लिहिला. एकत्र मिळाल्यामुळे पाचव्या शतकापासून अकराव्यापर्यंत पश्चिम भारतातील धातुशिल्प कसे बदलत गेले, याची जणू साखळीच हाती लागली. अधोवस्त्र दाखविलेली तीर्थंकरांची सर्वांत जुनी ज्ञात प्रतिमा त्यातच आहे. मुकुट व अलंकार धारण केलेल्या जीवंतस्वामींची एक प्रतिमा नागेश्वरी नावाच्या श्राविकेने दिल्याचे तिच्यावरील लेख सांगतो. एका ऋषभनाथ प्रतिमेवर जिनभद्र वाचनाचार्य हे नाव आहे. ते विशेषावश्यकभाष्याचे कर्ते जिनभद्रगणी क्षमाश्रमणच होत, असे डॉ. शहा यांचे प्रतिपादन. खानदेशातील चहार्डीची ऋषभनाथांची सुंदर चोवीसी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्या नावापुढे 'चहार्डी' हा शब्द टिकून राहिला, म्हणूनच ती खानदेशाचा इतिहास सांगू शकते.

आता जे नुकसान आपल्या हातून, आणि तेही भक्तिभावाने, होते त्याविषयी. धातूच्या प्रतिमेवर काळाच्या ओघात जो गडद थर चढतो, तो मळ नव्हे. तो धातूचे संरक्षण करतो आणि वयाची साक्षही देतो. चिंच, लिंबू, राख आणि बाजारी पावडरींनी तो पुनःपुन्हा घासला, की प्रथम पाठीवरील अक्षरे बुजतात. चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील पश्चिम भारतीय प्रतिमांच्या डोळ्यांत, श्रीवत्सात, आसनाच्या पट्टीत चांदी व तांबे जडविलेले असते. तेही मग निघून येते. नित्य प्रक्षाल-अंगपूजेने मुखावरील रेषा झिजणे निराळे. ती झीज पिढ्यान्पिढ्यांच्या पूजेची आहे आणि जाणता पारखी तिला दोष मानीत नाही. यंत्राने घासून आणलेली चकाकी मात्र एका दुपारी पाचशे वर्षे पुसून टाकते. पाषाणप्रतिमांवर ऑईलपेंट देणे, लेखावरून फरशी बसविणे, जुने लाकडी कोरीव खांब काढून तेथे संगमरवर लावणे, हे प्रकार तर वाचकांनी जागोजागी पाहिलेच असतील. जीर्णोद्धार या शब्दात उद्धार जीर्णाचा आहे, हे विसरले जाते.

हस्तलिखितांची कथा याहून हृदयद्रावक आहे. पोथीचा काळ, लेखनस्थळ, लेखकाचे नाव, कोणासाठी लिहिली, हे सारे शेवटच्या पानावरील पुष्पिकेत असते, आणि पोथीची पहिली व शेवटची पानेच सर्वांत आधी झडतात. जैसलमेरच्या भांडारातील ओघनिर्युक्तीची ताडपत्रीय प्रत सचित्र जैन ग्रंथांत आद्य मानली जाते ती केवळ चित्रांमुळे नव्हे, तिच्यावर वि. सं. १११७, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ नमूद आहे म्हणून. उलट कल्पसूत्राच्या कितीतरी सचित्र प्रतींची पाने सुटी करून एकेक विकली गेली. आज ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. चित्र असलेल्या पानाला पैसा मिळाला. पुष्पिकेच्या पानाला चित्र नसल्यामुळे ते कोठे गेले, हे कोणी विचारले नाही. सबंध पोथीचे मोल सुट्या पानांच्या बेरजेपेक्षा जास्त असते हे व्यापारी समाजाला तरी समजावून सांगण्याची आवश्यकता पडू नये!

'ग्रंथ छापला गेला, मग जुनी पाने कशाला?' असा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. त्याला मूडबिद्रीचे उत्तर आहे. षट्खंडागमाची धवला टीका तेथील ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत होती आणि शतकानुशतके दर्शनापुरतीच बाहेर निघे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या नकला सुरू झाल्या. पुढे प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून पहिला भाग प्रसिद्ध केला आणि १९५९पर्यंत सोळा भाग पूर्ण झाले. पहिल्याच भागात, त्र्याण्णवाव्या सूत्रात, 'संजद' हा शब्द असावा असे संपादकांनी सुचविले. हाती असलेल्या नकलांत तो नव्हता. एका शब्दावरून विद्वानांत मोठा वाद पेटला. सिद्धांताचा प्रश्न त्यात गुंतला होता. अखेर मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी पडताळणी केली, तेव्हा तो शब्द तेथे होता. नकलाकाराच्या हातून सुटलेले तीन अक्षरांचे एक पद मूळ पानाने जपून ठेवले होते. आचार्य शांतिसागर महाराजांना या सिद्धांतग्रंथांचा काही भाग किडींनी नष्ट केल्याचे समजले, तेव्हा त्यांच्या प्रेरणेने ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याचे कार्य झाले. तांब्याला कसर लागत नाही हे खरे. पण वादाचा निर्णय देण्याचा अधिकार ताडपत्राकडेच राहिला.

कारंजाच्या भांडारांनीही असेच उपकार केले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात महाकवी पुष्पदंताने रचलेली अपभ्रंश काव्ये विद्वज्जगताला ज्ञात झाली, त्यांत कारंजाच्या पोथ्यांचा वाटा मोठा आहे. 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनी कारंजा जैन ग्रंथमालेतच, तर 'णायकुमारचरिउ' प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केले. मराठी भाषेच्या जन्मकथेत अपभ्रंशाचे स्थान काय, हे आज महाविद्यालयात शिकविले जाते, त्यामागे वऱ्हाडातील एका व्यापारी गावाने रुमालांत बांधून ठेवलेली ही गाठोडी आहेत.

कायद्याविषयी थोडक्यात. १९७२चा अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांवरील मूर्ती, चित्रे इत्यादी, तसेच ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते व दस्तऐवज त्याच्या कक्षेत येतात. पाषाण व धातूंच्या मूर्ती, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते, खासगी निर्यातीला पूर्ण बंदी आहे आणि व्यापाराला परवाना लागतो. जमिनीत मिळालेल्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन तर १८७८च्या कायद्यापासूनचे आहे. शिवाय सार्वजनिक न्यासाची नोंदणी करताना स्थावराबरोबर जंगम मिळकतीचाही तपशील द्यावा लागतो. तेथे आपण काय लिहितो? 'पितळी मूर्ती, लहान-मोठ्या, नग इतके.' चोरी झालीच, तर असल्या नोंदीवरून पोलिसांनी कोणती मूर्ती शोधावी? प्रत्येक प्रतिमेचे समोरून, पाठीमागून व पादपीठाचे छायाचित्र, उंची-रुंदी, लेखाचा कागदी ठसा आणि ती मंदिरात केव्हा व कोणाकडून आली याविषयी वृद्धांना जे आठवते ते, इतके एका वहीत आले तरी त्या वस्तूचे निम्मे मोल सुरक्षित झाले. यासाठी निष्णातांची वाट पाहावी लागत नाही. मात्र साफसफाई आणि डागडुजी यांना हात लावण्यापूर्वी निष्णाताला अवश्य विचारावे.

आपल्या ट्रस्टच्या स्थापनेच्या वेळच्या कीर्दखतावण्या, पहिल्या सभेचे इतिवृत्त, देणगीदारांच्या याद्या आज पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. कायद्याच्या पंचाहत्तर वर्षांना अजून पंचवीस वर्षे शिल्लक आहेत. ही दप्तरे सध्या कोणत्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाला वाळवी लागली आहे काय, एवढे कोषाध्यक्षांनी महोत्सवाची धामधूम ओसरण्यापूर्वी पाहून घ्यावे.